धाकटीच्या जागा

३ मार्च, सोमवार

आज मीटिंगमध्ये मालकांनी सगळ्यांसमोर धाकटीचं नाव घेतलं. माझंही घेतलं, पण "यांनीच तिला आपल्याकडे आणलं" एवढ्यापुरतं. सतरा वर्षं इथे घासल्यावर माझी ही ओळख.

ही वही त्यासाठीच काढली. ऑफिसात बोललो तर लोक म्हणतील पोटात दुखतंय, आणि घरी बोलायची सोय नाही, कारण धाकटी म्हणजे माझ्या बायकोची सख्खी धाकटी बहीण.

आमची कंपनी खाण्यापिण्याची मशिनं लावते. पैसे टाका, बटण दाबा, बिस्किटाचा पुडा नाहीतर थंड बाटली खाली पडते. मशीन कुणीही विकत घेऊ शकतं. ते कुठे उभं करायचं यातच सगळी मेख आहे, आणि ती जागा शोधणं हे माझं काम. मी दारात उभा राहून माणसं मोजतो. सकाळी एक तास, दुपारी एक तास, संध्याकाळी एक तास. खिशात मोजायचं छोटं यंत्र असतं, माणूस गेला की अंगठा दाबायचा. प्लगची सोय बघतो, पहारेकऱ्याची नजर तिथवर पोचते का बघतो, मग अर्ज टाकतो. आजवर एकशे बारा जागा झाल्या.

धाकटी अकरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. गुडघा गेला, उभं राहणं जमेना, नोकरी सुटली. सासूबाई तिच्याचकडे असतात. बायकोने महिनाभर भुणभुण लावली, "तुमच्या मालकांकडे एक शब्द टाका ना." टाकला. त्याला सहा महिने झाले. कानामागून आली आणि तिखट झाली.

६ मार्च, गुरुवार

मालक ज्या जागेवर एवढे खूश आहेत ती आज पाहून आलो. गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेतात ते मैदान. ही जागा मी दोनदा नापास केली होती. माझ्या जुन्या कागदांत आकडा आहे: तासाला चाळीस. चाळीस माणसांसाठी कुणी मशीन लावत नाही.

तिचं मशीन अर्ध्याहून अधिक रिकामं होतं. परवाच भरलं होतं म्हणे. आणि बाई स्वतः बाकावर बसलेल्या, गुडघा लांब करून, शेजारच्या मुलीशी बोलत.

"भावोजी, तुम्ही इकडे कसे?"

"सहज. या बाजूला काम होतं. मी इथे चाळीस मोजले होते."

"बरोबर मोजलेत. चाळीसच असतात. पण तीच चाळीस तीन-तीन तास असतात. नंबर पुकारला तर काय, म्हणून फाटकाबाहेर कुणी पाय टाकत नाही."

मग माझ्याकडे पाठ करून त्या मुलीला म्हणाली, "पहिल्या वळणावर घाई करू नकोस, बाकी सगळं येतं तुला."  मुलगी उठली, मशीनमधून पाण्याची बाटली काढली आणि एका दमात अर्धी संपवली.

याला नशीब म्हणायचं. दिवसभर बाकावर बसून गप्पा मारायच्या आणि त्याला काम म्हणायचं. मी सतरा वर्षं उभा आहे.

१३ मार्च, गुरुवार

आज कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात गेलो. तिथेही तिचं मशीन लागलं आहे आणि तेही पळतंय म्हणतात. खात्री करून घ्यावी म्हटलं.

आत बाकांवर आठ-दहा जण. एकाच्या मांडीवर टोपलीत ससा, एका बाईच्या पायाशी म्हातारा कुत्रा. कुणीही जनावर सोडून बाहेर जाऊ शकत नाही हे खरं. पण म्हणून ते खातील असं कुठे आहे? मी हा विचार करत होतो तोवर तिघांनी बटणं दाबली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुठला प्राणी?"

मी म्हणालो, "मांजर."

"आणलं नाहीत?"

"आधी चौकशी करायला आलोय."

तिने नाव लिहून घेतलं, मांजराचं वय विचारलं. मी चार सांगितलं. निघताना धाकटीच्या मशीनमधून एक चॉकलेट घेतलं, म्हणजे माझ्या हातून तिचा आकडा एकाने वाढला. हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

१६ मार्च, रविवार

दुपारी सासूबाईंकडे जेवायला. पूर्वी त्या दारातच म्हणायच्या, "या जावईबापू, काय म्हणतंय ऑफिस?" आज पान वाढता वाढता विचारतात, "धाकटीच्या हाताखाली आता किती माणसं आहेत हो तुमच्याकडे?"

"तिच्या हाताखाली कुणी नाही," मी म्हणालो.

"असं कसं? परवा तर गाडी तिला घ्यायला आली होती."

गाडी म्हणजे माल भरायचा टेम्पो. टेम्पोवाल्याचं घर याच रस्त्यावर आहे, जाता जाता घेतलं असेल. पण सासूबाईंच्या डोळ्यांतली चमक बघून मी पुढची पोळी मागितली. मी पहिली पगारवाढ सांगायला आलो होतो तेव्हा त्यांनी अशीच चमक दाखवली होती. ती आता फिरवून दुसरीकडे लावली आहे.

धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावोजी, तुम्ही मांजर पाळताय का?"

बायको जेवता जेवता थांबली. मी म्हणालो, शेजारी विचारत होते, त्यांच्यासाठी चौकशी केली. धाकटी हसली नाही, तोंड फिरवून पातेलं खरवडत राहिली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. गावभर ओळखी आहेत तिच्या, योगायोगाने कळलं असेल.

२४ मार्च, सोमवार

मालकांनी चार नवी मशिनं घेतली आहेत. थंड आणि गरम दोन्ही देणारी, मोठ्या काचेची. दोघांनीही जागा सुचवा म्हणाले. ज्याची पसंत पडेल त्याच्याकडे पुढे सगळं काम.

मी सरळ खोक्यांच्या कारखान्यात गेलो. पुठ्ठ्याची खोकी बनतात, तीनशे कामगार, दोन पाळ्या. तिथला स्टोअरकीपर माझा शाळासोबती आहे. त्याने मला गोदामामागे नेलं.

"इथे काही लावू नकोस," तो म्हणाला. "एप्रिल संपला की टाळं. यंत्रं विकायला काढलीत. कामगारांना अजून पत्ता नाही, तू कुठे बोलू नकोस."

मी शब्द दिला. परत येताना पहिली पाळी सुटली होती. फाटकातून बाहेर पडताना मी सवयीने अंगठा दाबत होतो. एकशे शेहेचाळीस.

२६ मार्च, बुधवार

ऑफिसच्या जिन्यावर, मधल्या वळणावर धाकटी भेटली. हातात निळी फाईल. एक एक पायरी चढते, कठड्याला धरून.

"भावोजी, बरं झालं भेटलात. खोक्यांच्या कारखान्याचं तुम्हाला काय वाटतं? कँटीन बंद पडल्यापासून लोक डबा खाऊन नुसते भिंतीला टेकून बसतात. तुमचं कुणी ओळखीचं आहे ना तिथे?"

"चांगली जागा आहे," मी म्हणालो.

"चारही तिथेच लावू? दोन पाळ्या, दोन दारं."

"लाव की."

यात खोटं काय आहे? जागा चांगलीच आहे. किती दिवस, हे तिने विचारलं नाही. शिवाय मी शाळासोबत्याला शब्द दिला होता आणि दिलेला शब्द पाळणं हा काही गुन्हा होत नाही.

हे तिसऱ्यांदा लिहितो आहे. वरची दोन पानं फाडली.

५ एप्रिल, शनिवार

चारही मशिनं लागली. पहिल्या तीन दिवसांतच दोनदा भरावी लागली. मालकांनी तिला केबिनमध्ये बसवून चहा दिला. सतरा वर्षांत मला केबिनमधला चहा दोनदा मिळाला, त्यातला एक चुकून.

९ एप्रिल, बुधवार

आज सांगायचं ठरवलं. अजून तीन आठवडे आहेत, मशिनं हलवता येतील. शाळासोबत्याचं नाव न घेता सांगता येईल, "कानावर आलंय" म्हणून. फोन लावला.

"भावोजी, आत्ता तुमचंच नाव काढलं होतं," ती म्हणाली. "आई म्हणते, जावईबापूंनी शब्द टाकला म्हणून आपण उभ्या आहोत. आणि एक सांगायचं होतं. मालक म्हणाले, पावणेदोनशे मशिनं झाली की पलीकडचा भागही मीच बघायचा. मी म्हटलं, तो भावोजींचा आहे, त्यांना विचारा आधी. तुम्हाला विचारलं का?"

पलीकडचा भाग म्हणजे माझा भाग. मला कुणीही विचारलेलं नाही.

मी विचारलं, "सासूबाईंचे डोळे कसे आहेत?" बरे आहेत म्हणाली. मग मी फोन ठेवला.

२ मे, शुक्रवार

टाळं लागलं. चारही मशिनं आत. कामगार फाटकावर बसले आहेत, प्रकरण कोर्टात गेलं आहे, हुकूम येईपर्यंत आतला एक खिळाही बाहेर काढायचा नाही.

मला आनंद झाला. लिहायला हरकत नाही, वही माझी आहे. दुपारी दोन घास जास्त गेले. 

३ मे, शनिवार

मालकांनी दोघांनाही बोलावलं. मी खिडकीपाशी उभा, ती खुर्चीत.

"तीनशे माणसांचा कारखाना बंद पडतो आणि आपल्याला पत्ता नसतो?" मालक म्हणाले. "चौकशी केली होतीत? यांची तिथे ओळख आहे, यांना विचारलं होतंत?"

धाकटीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, तिकीट देताना कंडक्टर प्रवाशाकडे बघतो तेवढाच. मग मालकांकडे बघून म्हणाली, "नाही साहेब. मी कुणाला विचारलं नाही. चूक माझी आहे."

मालकांनी आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिने पर्समधून मशिनांच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, कुठली कुठली ते न बघता कळावं म्हणून. कठड्याला धरून खाली गेली.

तिला आठवलं कसं नाही? जिन्यावर स्पष्ट विचारलं होतं. विसरली असेल. डोक्याला ताप झाला की माणूस विसरतो.

घरी बायकोला आधीच कळलं होतं. ती ओट्यापाशी उभी होती.

"तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"नाही."

"तुमचे ते शाळेतले मित्र तिथे आहेत ना."

"तो काही बोलला नव्हता."

तिने गॅस बंद केला. भाजी अजून शिजायची होती. झाकण ठेवून आत निघून गेली.

१२ मे, सोमवार

धाकटीचा सगळा भाग आजपासून माझ्याकडे. सकाळी टेम्पोतून तिच्या जागांवर गेलो. टेम्पोवाला एरवी बडबडतो, आज रस्ताभर त्याने गाणी लावून ठेवली.

परीक्षेच्या मैदानावर शिपाई म्हणाला, "त्या बाई नाही आल्या?" मशीनची वरची रांग रिकामी होती. मी तिथे बिस्किटं लावायला घेतली तर म्हणाला, "तिथे पेनं असतात साहेब. फॉर्म भरायला कुणाकडे पेन नसतं, म्हणून बाईंनी ठेवायला लावली होती." खाण्याच्या मशीनमध्ये पेनं. खाली खोक्यात बघितलं, खरंच पन्नास पेनं होती.

जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने आधी तिची चौकशी केली, मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमचं मांजर कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणालो.

अकरा जागा फिरलो, आठ ठिकाणी तिला विचारलं. बाई कुठे, बाईंचा गुडघा कसा, बाईंना सांगा आमच्या मुलीला परवाना मिळाला. मी आजारी पडलो तर माझ्या एकशे बारा जागांपैकी एका तरी ठिकाणी कुणी विचारेल का, ते आठवत टेम्पोत बसलो होतो. माझ्या जागांवर मला कुणी ओळखतच नाही. मी दारात उभा असतो आणि लोक जात असतात.

ती समोर होती तेव्हा निदान तिच्यावर जळता येत होतं. आता तीही नाही, आणि जळणं मात्र होतं तेवढंच आहे.

१८ मे, रविवार

सासूबाईंकडे मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "मी चाललेय, यायचं तर या." जाऊन आलो.

धाकटी घरी नव्हती. कुठल्याशा सभागृहात तिकीट खिडकीवर बसायला माणूस हवा आहे, तिकडे गेली होती. सासूबाईंनी मला त्यांच्या शेजारी बसवलं. दृष्टी अधू झाली आहे, बोलताना माझ्या हातावर हात ठेवतात.

"जावईबापू, ती काही बोलत नाही. विचारलं की म्हणते, झालं ते झालं. तुमचा शब्द तिथे चालतो. पुन्हा एकदा टाकून बघा."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, "बघतो." सासूबाईंनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही."

हात काढून घेता येईना आणि ठेवताही येईना.

२० मे, मंगळवार

खोक्यांच्या कारखान्यावर गेलो. काम काही नव्हतं. फाटकाला साखळी, काचेआड आमची मशिनं दिसतात, दिवे बंद. कामगार बहुतेक गेले आहेत. वॉचमन स्टुलावर बसला होता.

"तुमच्या त्या बाई टाळं लागलं त्याच दिवशी आल्या होत्या," तो म्हणाला. "इथेच पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, मामा, कुणालाच कसं कळलं नाही? मी म्हटलं, तुमच्या ऑफिसातल्या साहेबांना तर बाजूला नेऊन स्टोअरकीपरने सांगितलं होतं, मार्चमध्येच. गोदामामागे उभे होते दोघं, मी पाणी भरत होतो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. फाटकाला धरून उठल्या. मग मला म्हणाल्या, हे दुसऱ्या कुणाला सांगू नका."

म्हणजे ३ तारखेला केबिनमध्ये तिला सगळं माहीत होतं. माझ्याकडे बघितलं तेव्हा माहीत होतं. ती विसरली नव्हती.

मी हे दोन आठवडे कशाच्या जिवावर झोपत होतो ते आज कळलं.

२१ मे, बुधवार

दुपारी लवकर घरी आलो. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं. शाळासोबती, गोदाम, जिना, "लाव की", सगळं.

तिने माझ्या शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"जिन्यावरचं मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तिने त्याच दिवशी फोन केला होता. भावोजींनी होकार दिला म्हणून केवढी खूश होती. तुमचं मत पडलं की तिला धीर यायचा. गोदामाचं माहीत नव्हतं मला. पण तुम्ही ओट्यापाशी 'नाही' म्हणालात ना, तेव्हा कळलं काहीतरी आहे. अठरा दिवस मी वाट बघतेय."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

मी पलंगाच्या कडेला बसलो. तिने माझ्या बाजूचे कपडे उचलून पलीकडे ठेवले. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. म्हणाली, "तिला नोकरीला लावलंत तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, आमचे हे असे आहेत म्हणून. आता मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

२३ मे, शुक्रवार

सांगितलं.

मालकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"सतरा वर्षांत तुमचा एकही आकडा मी पडताळून पाहिला नाही," ते म्हणाले. "तुम्ही दोनशे म्हणालात की माझ्यासाठी दोनशे."

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला.

"जागा आता तुम्ही शोधायच्या नाहीत. टेम्पोवर माल भरायला माणूस हवाय. यायचं असेल तर सोमवारी सहा वाजता या. नसेल तर तसं सांगा."

मी येतो म्हणालो. एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरीकडे मला कोण घेणार, हे एक कारण. दुसरं लिहायला गेलो तर शब्द सापडत नाहीत.

मालकांनी माझ्यादेखत तिला फोन लावला.

२ जून, सोमवार

धाकटी आज परत आली. मी आठवडाभर माल भरतोय. कमरेत उसण भरली आहे, बाटल्यांचे क्रेट उचलून हाताला फोड आलेत. गोदामात मी खोकी मोजत होतो तेव्हा ती आत आली. माफीची वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. पहिलं वाक्य सुरू केलं तर तिने हात वर केला, बस थांबवायला करतात तसा.

"भावोजी, आईला काही सांगू नका. तिच्यासाठी तुम्ही आहात तसेच राहा. त्या वयात तिला ते कळून काय करायचंय?"

"आणि तू?"

"मला राग आहे. जाईल तेव्हा जाईल. मी काही तो मुद्दाम धरून ठेवलेला नाही आणि मुद्दाम सोडणारही नाही."

मी मान हलवली.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "माझ्या मशिनांमध्ये माल तुम्हीच भरा. आधीचा माणूस बाटल्या कशाही आडव्या टाकायचा, अडकायच्या. तुमची रांग सरळ असते."

हा टोमणा होता की कौतुक, ते दिवसभर ठरवता आलं नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय, ते समजा." बारा दिवसांत ती माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली.

११ जून, बुधवार

आज ती टेम्पोत आमच्याबरोबर होती, पुढच्या सीटवर, टेम्पोवाल्याच्या आणि माझ्या मध्ये, कारण दाराकडे गुडघा आदळतो. रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेपाशी टेम्पो थांबवायला सांगितला. काचेतून आतली रांग दिसत होती.

"इथलं काय वाटतं तुम्हाला?" तिने विचारलं.

टेम्पोवाल्याने वळून माझ्याकडे बघितलं. मलाही वाटलं नव्हतं की ती मला पुन्हा कधी काही विचारेल.

मी नीट बघितलं आणि जे वाटलं तेच सांगितलं. "जागा वाईट आहे. तासाला पंचवीसच्या वर माणूस नाही. आणि सगळे उपाशीपोटी येतात, तपासणीसाठी काही खायचं नसतं. तिथे खायचं मशीन लावणं म्हणजे टकल्याला कंगवा विकणं."

"खरं सांगताय?"

"खरं."

"बरं," ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढे निघालो. तिने काय लिहिलं ते मी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला, दिसलं नाही.

१८ जून, बुधवार

प्रयोगशाळेत मशीन लावलं तिने. मला विचारून, माझं ऐकून, तरीही लावलं. मी टेम्पोवाल्याला म्हणालो, महिन्याभरात उचलावं लागेल. तो म्हणाला, "काका, तुम्ही देवाला नवस बोललात का तसा?"  नवस बोललो नव्हतो, पण मनात काय होतं ते त्याला बरोबर कळलं.

९ जुलै, बुधवार

प्रयोगशाळेतलं मशीन पुन्हा रिकामं, सकाळी दहालाच. आठवड्यातली तिसरी खेप. रक्त दिल्या दिल्या लोक दंडावर कापूस दाबत थेट मशीनपाशी येतात. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नसतं त्यांच्या. हे मला सुचलं कसं नाही? ते उपाशी येतात एवढं मला दिसलं होतं. ते परतही जातात, हे दिसलं नाही.

मी जळलो. मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटा आकडा दिल्यासारखं होईल, आणि तो मी मालकांनाही कधी दिला नाही. तिचा राग आणि माझा मत्सर, दोन्ही अजून आहेत. रोज सकाळी एकाच सीटवर शेजारी बसून जातात. परवा मात्र तिने डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे धरली आणि मी घेतली. 

मशीनचं दार उघडून मी वरून खाली रांगा लावत होतो. पाठीमागे एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. दंडावर कापूस, चेहरा पांढरा पडलेला, एक हात भिंतीला.

"वेळ लागेल का हो?" त्यांनी विचारलं.

"काय हवंय तुम्हाला?"

"ते खालचं. गोड बिस्कीट. चक्कर आल्यासारखं होतंय."

खालची रांग शेवटी भरायची असते, नाहीतर वरचा माल लावताना खालचा पाडला जातो. मी त्यांना बाकावर बसवलं, आणि आधी खालची रांग भरली.